आमच्या कॉम्प्युटरमध्ये बारा महिने मार्च

अधूनमधून एखादा फोन येतो. बोलणारा पोरगा अमरावतीचा असतो, नाहीतर अकोट-मूर्तिजापूरकडचा. घरातल्या एका खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकून त्यानं स्टुडिओ काढलेला असतो. प्रश्न ठरलेला. कॉम्प्युटरची नवी सिस्टीम यायची आहे, तिची बीटा आत्ताच फुकट मिळून राहिली, टाकू काय काका?

या धंद्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटरमधले बाकीचे सगळे प्रोग्रॅम ज्या एका मूळ प्रोग्रॅमच्या जिवावर चालतात, ती सिस्टीम. दर काही वर्षांनी कंपनी ती नवी करते आणि बाजारात आणण्याआधी, चुका सापडाव्यात म्हणून, कच्ची प्रत लोकांना वापरायला देते. ती बीटा. शिंपी कच्चे टाके घालून सदरा अंगाला लावून बघायला देतो ना, तसं. आरशासमोर उभं राहायला ठीक आहे. तोच घालून वरातीत नाचायला गेलात तर कुठली बाही कुठे राहील, सांगता येत नाही.

मी पोरांना हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मशीनमध्ये सध्या कोणाकोणाची गाणी अर्धवट आहेत, एवढंच विचारतो. पोरगा गडबडतो. त्याला वाटतं, काकांना आता काही समजत नाही म्हणून विषय बदलून राहिले. वाटू दे. माझ्या त्या प्रश्नामागे गिरजाबाई आहेत, आणि त्यांची गोष्ट फोनवर सांगण्याएवढी लहान नाही. म्हणून इथे लिहितो.

मी मूळचा कुडाळकडचा. शाळा सातवीत सुटली. मला शाळेनं सोडलं की मी शाळेला, यावर आईचं आणि माझं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रा पार्टीबरोबर वायरी गुंडाळायला म्हणून निघालो आणि फिरत फिरत अकोल्याला आलो. तिथे मला कावीळ झाली. पार्टीची पुढच्या गावची तारीख लागलेली होती, ती निघून गेली. त्यांना मी कधी दोष दिला नाही. पिवळ्या डोळ्यांचा हमाल घेऊन कोण फिरणार?

ज्यांच्याकडून पार्टीनं कर्णे आणि ॲम्प्लिफायर भाड्यानं घेतले होते ते हमीदचाचा सामान न्यायला आले, तेव्हा मी मंडपाच्या बांबूला टेकून बसलेलो त्यांना दिसलो. सामानाबरोबर त्यांनी मलाही टेम्पोत घातलं. खालांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला उसाचा रस आणि मिठाशिवायची खिचडी घालून उभं केलं. बरा झालो तरी मला कोणी जा म्हणालं नाही, आणि मीही जाण्याचा विषय काढला नाही. जठारपेठेतल्या त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत पुढे स्टुडिओ झाला. त्या स्टुडिओत माझे केस पांढरे झाले.

मी भित्रा माणूस आहे. गॅस बंद केला का ते बघायला अजूनही परत फिरतो. मोकळ्या, कोरड्या, भाजून काढणाऱ्या त्या मुलखात पहिली काही वर्षं तर मला झोपच लागायची नाही. समुद्राचा आवाज नव्हता आणि माणसं बोलायची ती अंगावर आल्यासारखी. 'काहून बे, जेवला नाई काय?' हे भांडण नसून चौकशी आहे, हे कळायला वेळ लागला. पण रेकॉर्डिंगच्या कामात भीती उपयोगी पडते. ज्याला वाटतं सगळं ठीक होईल, त्यानं मशीनला हात लावू नये.

आमच्याकडे काय काय व्हायचं? जयंतीची भीमगीतं, कव्वाल्या, भजनी मंडळांच्या कॅसेटी, लग्नाच्या बँडवाल्यांची नमुन्याची गाणी. जूनच्या आधी बियाण्याच्या जाहिराती, जीपवर कर्णा लावून गावोगाव फिरवायच्या. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. कापसाचं काय झालं ते वर्तमानपत्रांत आलेलं आहे, मी वेगळं काय सांगणार? आम्हाला ते स्टुडिओच्या दारातून दिसायचं. आधी बँडवाले यायचे कमी झाले. मग भजनी मंडळं म्हणाली, यंदा राहू द्या. आणि मग एका संस्थेचं नवंच काम यायला लागलं. धीर सोडू नका, घरच्यांशी बोला, अशा निवेदनांचं. तेही जीपवरच फिरवायचं.

आमचा ढोलकीवाला बाबाराव, त्याचा गळा भारदस्त. बियाण्याची जाहिरातही तोच बोलायचा आणि ही निवेदनंही तोच. एकदा माईकसमोरून उठला आणि म्हणाला, "जूनमंदी मीच सांगतो पेरा, अन् दिवाळीच्या मांगून मीच सांगतो खचू नका. गावातले पोट्टे आता आवाज ओळखतात माहा. जीप आली का म्हणतात, आला पाहा तो." तरी आम्ही काम घेतलं आणि पाठवलं. त्याची रुखरुख आजही आहे, पण ती वेगळी गोष्ट.

आता आमच्या कामाची तऱ्हा. स्टुडिओच्या भिंतीला भिंत लावून पिठाची चक्की. ती चालू असेपर्यंत माईक उघडायची सोय नाही. पण त्या वर्षांत भारनियमन जबर होतं, लाईट अर्धा दिवस जायची. सगळं अकोला लाईट येण्याची वाट बघायचं आणि आम्ही जाण्याची. लाईट गेली की चक्की बंद, शेजारचे कूलर बंद, समोरचा वेल्डिंगवाला बंद. पेठेत अशी शांतता उतरायची की गायकाचा श्वासही नीट टिपला जायचा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर टाकायचा, पंखा बंद करायचा आणि घामाघूम होऊन गाणं घ्यायचं. आमची चांगली म्हणावीत अशी सगळी गाणी अंधारातली आहेत.

दुसरी तऱ्हा जास्त महत्त्वाची. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आमच्याकडे होता तो वापरून बघण्यापुरता मिळालेला, महिनाभर चालणारा. महिना सरायच्या आत चाचा कॉम्प्युटरचं कॅलेंडर मागे न्यायचे. प्रोग्रॅमला वाटायचं, अजून महिना तोच आहे. तेव्हा आमच्या धंद्यात हे सगळे करायचे, त्याची कोणाला लाजबीज नव्हती. आम्ही तो पहिल्यांदा मार्चमध्ये टाकला होता. म्हणून आमच्या मशीनमध्ये कायम मार्चच. बाहेर दिवाळी असो, ईद असो, पोळा असो, आत मार्च. चाचा येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे, "अपने कम्प्यूटर में बारा महीने मार्च रहता." जयंतीची गाणी करणारा आमचा स्टुडिओ, आणि त्यात एप्रिल कधी उजाडतच नव्हता.

गिरजाबाई अमरावतीच्या. जयंतीच्या मंचावर उभ्या राहिल्या की मैदानाच्या शेवटच्या रांगेतली माणसं उठून पुढे यायची. लहानपणी आईबरोबर कापूस वेचायला जात, गाणं तिथेच लागलं. पुढे पार्टी काढली, गावोगाव गायल्या. चाचांनी त्यांच्या कितीतरी कार्यक्रमांना कर्णे लावलेले, त्यामुळे कॅसेट करायची झाली तर त्या अमरावती सोडून आमच्याकडेच यायच्या. त्या हिवाळ्यात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि हेही सांगितलं की जीव वाचेल, आवाजाचं काही सांगता येत नाही.

त्यांची मुलगी प्रज्ञा नांदगाव पेठेतल्या एका कपड्याच्या युनिटमध्ये हिशेब बघायची. ती रजा काढून आईला एसटीनं घेऊन आली आणि मला बाजूला बोलावून म्हणाली, "दादा, तिचं होतं तेवढं सगळं भरून घ्या. मग काय होईल ते होईल."

आम्ही गाणी घ्यायला लागलो. लाईट जाईल तसं, आणि त्यांच्या गळ्याला झेपेल तसं. ढोलकी वेगळी, पेटी वेगळी, गळा वेगळा, अशी कॉम्प्युटरवरची पद्धत. गिरजाबाईंना ती मुळीच पसंत नव्हती. हेडफोन लावला की म्हणायच्या, "मुडद्यावानी कान झाकता बाप्पा माहे. बाबाराव इथं नाई, पेटी इथं नाई, मंग मी गाऊ कोनासंगं?" पण गायच्या. बहुतेक गाणी झाली. त्यांच्या मनातलं एक राहिलं होतं. मंचावर कधी न गायलेलं, वेचणीच्या बायांचं, त्यांनी स्वतः रचलेलं. ते शेवटी घेऊ म्हणाल्या. नागपूरला निघायच्या दिवशी सकाळी येते म्हणाल्या.

याच मधल्या दिवसांत इरफान आला. चाचांचा मुलगा. अमरावतीला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. हुशार, हसरा, हातात कायम काहीतरी नवं. मला मोठ्या भावासारखा मान द्यायचा आणि लहान भावासारखी चेष्टा करायचा. त्यानं आणली बीटाची डिस्क. स्वतःच्या मशीनवर टाकून दाखवली. काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या खिडक्या, एकीच्या मागून दुसरी. चाचा खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसून पुन्हा बसले. खाला चहा घेऊन आल्या, त्याही बघत उभ्या राहिल्या.

इरफानचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला लिहिलंच पाहिजे. आमची जुनी सिस्टीम थकली होती. चार-सहा आवाज एकत्र वाजवले की मध्ये टकटक यायची, कधी गाणं चालू असतानाच मशीन गोठायचं. नवीमध्ये मोठी मेमरी चालेल, टकटक जाईल, असं तो म्हणाला. उद्या सगळे याच्यावरच जाणार आहेत, आपण आधी गेलो तर काय बिघडलं?

मी म्हटलं, गिरजाबाईंचं होऊन जाऊ दे.

"भाई, तुम तो बल्ब बदलने को भी मुहूर्त देखते," तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. मशीन कितीही मी चालवत असलो तरी घर त्यांचं होतं. ज्या घरानं मला बांबूपासून उचलून आणलं, त्या घरच्या मुलाला मी नाही कसं म्हणू? आणि नाही म्हटलं नाही, तर गिरजाबाईंचं काय?

चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा वाचता यायचा. म्हणाले, "मशीन तू चलाता. तू बोल."

मी एवढंच बोललो की जुन्या सिस्टीमला हात लागता कामा नये. मग तोड चाचांनीच काढली. दुसरी हार्ड डिस्क लावायची, बीटा तिच्यावर. जुनी आपल्या जागी, जशीच्या तशी. मशीन सुरू करताना कुठली हवी ते निवडायचं. इरफाननं छातीवर हात ठेवून सांगितलं, "पुरानी को उंगली भी नहीं लगाऊँगा." आणि तो शब्दाचा पक्का होता. त्यानं खरोखर बोटही लावलं नाही.

दुसऱ्या डिस्कवर बीटा बसली. आमच्या साऊंड कार्डला ती ओळखेना. त्यासाठी लागणारी फाईल उतरवायला इरफाननं टेलिफोनची वायर जोडली, इंटरनेट लावलं. फाईल काही मिळाली नाही. चार दिवसांनी पुन्हा बघू म्हणाला, मशीन बंद केलं आणि मोटरसायकलवरून अमरावतीला गेला. मी जुनी डिस्क चालते का ते बघणार होतो. पण तेवढ्यात लाईट गेली आणि इन्व्हर्टरही उतरला होता. उद्या सकाळी, गिरजाबाई यायच्या आत बघू, असं ठरलं.

आता काय झालं होतं ते सांगतो. त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाच ते ठाऊक नव्हतं. एका घरात दोन बिऱ्हाडं राहिली तरी भिंतीवरचं घड्याळ एकच असावं, तसं मशीनचं असतं. सिस्टीम दोन असल्या तरी तारीख ठेवणारं घड्याळ एकच, आतल्या पाटीवर बसवलेलं. नव्या सिस्टीमनं इंटरनेट मिळताच, कोणी न सांगता, ते घड्याळ बरोबर करून टाकलं. मार्चमधून काढून खऱ्या तारखेला आणून ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलेली आमच्या मार्चची गोष्ट घरच्या इरफानला मात्र कोणी सांगितलीच नव्हती. तो राहायचा अमरावतीला, आणि आमच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं की सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. घरच्या जिन्याची एखादी पायरी हलते, ती घरच्यांना आठवतही नाही, पाहुणाच पडतो. तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी रोजच्यासारखं बिस्मिल्ला म्हणून मशीन सुरू केलं, जुनी सिस्टीम निवडली. त्यांना पडद्यावरची चित्रं शोधत बसावं लागू नये म्हणून रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आपोआप उघडेल अशी सोय होती. तो उघडला. त्यानं तारीख बघितली, आणि आपला महिना कधीच सरला आहे हे त्याला पहिल्यांदा कळलं. मुदत संपल्याची पाटी आली. आम्ही घाईघाईनं तारीख मागे नेली. पण एकदा त्यानं खरं बघितलं होतं. आता मार्च दाखवला काय आणि जून दाखवला काय, तो ऐकेना. नवा टाकून बघितला, तरी तीच पाटी, आणि विकत घ्यायला हाताशी पैसे नव्हते.

गिरजाबाई आणि प्रज्ञा तोवर दारात आल्या होत्या. प्रज्ञाच्या हातात नागपूरला न्यायची पिशवीही होती, इथूनच पुढे जाणार होत्या.

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. काय झालं म्हणून तिनं विचारलं ते अगदी हळू, आईला ऐकू जाऊ नये असं. झालेली सगळी गाणी त्या बंद प्रोग्रॅमच्या आत होती आणि राहिलेलं एक घ्यायला काही साधन नव्हतं. उद्या ती बाई दवाखान्यात दाखल होणार आणि दोन-चार दिवसांत तिच्या गळ्याला सुरी लागणार होती.

गिरजाबाई मात्र खाटेवर बसून खालांनी दिलेलं पाणी प्यायल्या. मशीनकडे हनुवटी करून म्हणाल्या, "शिकेल हाय ना ते. म्या अनपढ बाई पाहून रुसलं असंन." मग चाचांना म्हणाल्या, "हमीदभाऊ, तुमच्यापाशी तो टेप होता ना, मैदानात लावत होते तो? तो मेला काय?"

चाचा माळ्यावर चढले. जुना कॅसेट डेक खाली आला, बोहारणीच्या टोपल्यातून काढावा तसा धुळीनं माखलेला. मैदानावरच्या सवयीनं चाचांनी तो जीपच्या बॅटरीवर जोडला. मी स्पिरिटनं त्याचं हेड, टेप जिथे घासत जाते ती जागा, पुसलं, चार वेळा पुसलं. कोरी कॅसेट कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली. बाबारावला निरोप गेला होताच, तो ढोलकी घेऊन धापा टाकत आला. ट्रॅक वेगवेगळे नाहीत, हेडफोन नाही. सगळ्यांनी एका खोलीत, एका माईकसमोर, जमिनीवर बसायचं. चुकलं तर पहिल्यापासून.

चक्की चालू होती. आम्ही बसून राहिलो. बाबाराव चक्कीवाल्याला विनवायला उठला, तेवढ्यात लाईट गेली.

गिरजाबाईंनी पदर नीट केला. गाण्यात शेतातली प्रत्येक बाई तिच्या तासासकट येत होती, म्हणजे वेचणीला ज्या ओळीत ती उभी असेल त्या ओळीसकट.

कौसा माही पुढच्या तासी, तिच्या ओटीले भार भारी,
यमुना माही मांगच्या तासी, गानं सोडून बोलते सारी…

अशा कितीतरी बाया. कोणी लवकर गेलेली, कोणी म्हातारी होऊन अजून असलेली, एकीचं तर आडनावही कोणाला माहीत नसलेलं. ढोलकी अगदी बोटांनी, पानावर पाणी पडावं तशी. मला आवाज किती चढतो ते दाखवणाऱ्या डेकच्या सुईकडे बघायचं भान राहिलं ते केवळ भीतीमुळे. गाणं संपलं. मी कॅसेट उलटी फिरवून जरा ऐकवली. गिरजाबाई म्हणाल्या, "हे बरं हाय. यात मी हावो." आणि उठल्या, एसटी चुकेल म्हणून.

त्या गेल्यावर इरफानला फोन केला. मी करणार नव्हतो, चाचांनी केला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, बेटा, अपना मार्च चला गया, आके देख. तो संध्याकाळच्या आत आला. त्याला कळलं तेव्हा त्याचा चेहरा असा झाला की मलाच त्याची समजूत काढावी लागली. तू शब्द पाळलास, म्हटलं. घड्याळाचं आम्हीच बोललो नव्हतो.

त्यानं जुनी डिस्क काढून अमरावतीला नेली. प्रोग्रॅम बंद असला तरी गाणी पुसली गेलेली नव्हती, हे त्यानंच शोधलं. पण प्रोग्रॅम प्रत्येक वेळचं गाणं तुकड्या-तुकड्यांनी साठवायचा आणि तुकड्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. कुठल्या तुकड्यामागे कुठला, कोणता पहिल्या वेळचा, कोणता शेवटच्या, हे त्या बंद प्रोग्रॅमलाच ठाऊक. इरफान क्लास सुटला की कानाला हेडफोन लावून बसायचा. भीमगीतं त्यानं याआधी नीट ऐकली नव्हती. अडला की प्रज्ञाला फोन. ती नागपूरच्या दवाखान्यात, आईच्या वॉर्डाबाहेर.

"ताई, 'निळ्या पाखरांचा थवा' के बाद कौनसी लाइन आती?"

प्रज्ञा दवाखान्याच्या व्हरांड्यात, पाहुण्यांच्या गर्दीत, तोंडावर ओढणी धरून पुढची ओळ हळूच गुणगुणायची. इकडे तो तुकडा शोधायचा. तिनं मला नंतर सांगितलं, मी आयुष्यात आईचं एक गाणं चारचौघांत गायलं नव्हतं दादा, या इरफानभाईनं दवाखान्यात सगळी गाऊन घेतली. ऑपरेशन चालू होतं त्या वेळीही त्याचा फोन आला. त्याला माहीत नव्हतं. तिनं तेव्हाही ओळ सांगितली. म्हणाली, बरंच झालं, नाहीतर त्या बंद दाराकडे बघत मी काय केलं असतं?

सगळी गाणी जुळली. शेवटी तर इरफान श्वासावरून सांगायचा, हा तुकडा थकल्यानंतरचा आहे, हा चहा प्यायल्यानंतरचा. आणि त्यानं आणखी एक काम केलं. बीटा आपणहून घड्याळ फिरवते आणि विचारतही नाही, असं कंपनीला लिहून कळवलं. कंपनीचं उत्तर आलं नाही. आमचा मार्च मोडला ही काही त्यांच्या लेखी चूक नसणार. ती सिस्टीम पुढे पक्की होऊन बाजारात आली. त्याच्या कितीतरी आधी, गाणी जुळल्या जुळल्या, पैसे जमवून आम्ही रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम रीतसर विकत घेतला होता. त्याच सिस्टीमवर आमचा स्टुडिओ कितीतरी वर्षं चालला आणि टकटकही गेली. इरफान बरोबरच होता, फक्त लवकर होता.

म्हणून फोन करणाऱ्या पोरांना मी बीटा वाईट असं सांगत नाही. कोणीतरी आधी चालवून बघितल्याशिवाय ती पक्की कशी होणार? चालवा की. पण ज्या मशीनमध्ये कोणाचं तरी गाणं पूर्ण व्हायची वाट बघून राहिलं आहे, त्यावर नको. आणि तुमच्या मशीनला तुम्ही काय काय खोटं सांगून ठेवलंय, ते नव्या सिस्टीमला माहीत नाही, हे ध्यानात ठेवा.

जयंतीच्या काही दिवस आधी गिरजाबाई परत आल्या. गळ्याभोवती पांढरा रुमाल, अंगानं निम्म्या झालेल्या. आवाज होता, पण तो नव्हता. घोगरा, खरबरीत, वाऱ्यानं कडबा सरकावा तसा. बोलताना मध्येच तुटायचा. खालांनी त्यांना पाहिलं आणि आत निघून गेल्या, डोळे पुसायला.

मी सगळी गाणी लावली. इरफान मुद्दाम अमरावतीहून आला होता, दाराशी उभा होता. जुना गळा खोलीभर भरला. प्रज्ञा आईकडे बघेना, बाबाराव ढोलकीच्या दोऱ्या उगाच ओढत बसला. मला वाटलं, आता या रडतील आणि मी काय करू? गिरजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटी कॅसेटवरचं बायांचं गाणं आलं. ते संपलं आणि त्यांनी डोळे उघडले.

"बाई बेस गाये," त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं ऐकायला आम्हाला पुढे झुकावं लागलं. "पन भल्ली घाई करे. यमुनाच्या कडव्यात पाय उचलून पयून राहिली. उद्या दवाखान्यात जायचं म्हनून पयून राहिली."

प्रज्ञा हसली आणि मग तिला रडू आलं.

"एकडाव अजून घेऊ," गिरजाबाई म्हणाल्या.

प्रज्ञा म्हणाली, आई, डॉक्टरांनी जोर लावू नको म्हटलंय. त्या म्हणाल्या, जोर कोनाले लावाचा हाय, कापूस काय जोर लावून वेचतात? आणि चाचांकडे, माझ्याकडे, परवानगी न मागता उठल्या आणि काचेपलीकडच्या, गाणं घ्यायच्या खोलीत जाऊन बसल्या. बाबाराव मागोमाग गेला.

मी आत गेलो. माईक नेहमीच्या जागी होता, मैदान भरून टाकणाऱ्या त्यांच्या गळ्यासाठी ठेवायचो तिथे, हात लांब केला तरी पोचणार नाही इतका दूर. तो तिथेच ठेवला असता तर नुसता श्वास आला असता. मी स्टँडचा पेच सैल केला आणि माईक पुढे आणला. त्यांनी बघितलं आणि मान हलवली, अजून. मी अजून पुढे आणला. होता होता तो त्यांच्या ओठांपासून चार बोटांवर आला. या बाईंसाठी मी तो इतका जवळ कधीच आणला नव्हता.

पेच आवळला, आवळला का ते पुन्हा एकदा बघितलं, आणि बाहेर येऊन मशीन सुरू केलं.